तयार म्युझिक ट्रॅकवर गायलेला आवाज वेगळा पडतो, तो ट्रॅकमध्ये कसा बसवायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: हातात एकच स्टीरिओ म्युझिक ट्रॅक आहे, वाद्यं सुटी मिळालेली नाहीत, आणि गाणं घरी कंडेन्सर माइकवर रेकॉर्ड केलंय. आवाज वाढवला की तो ट्रॅकच्या पुढे एकटाच उभा राहतो. कमी केला की ध्रुवपदात शब्द बुडतात. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) आणि रिव्हर्ब (खोलीसारखी घुमणारी शेपूट देणारं) यांचे प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, लावून झालेत. आता शेवटी मास्टरवर, म्हणजे सगळं एकत्र होतं त्या आउटपुटवर, लिमिटर (ठरलेल्या मर्यादेवर पातळी जाऊ न देणारा) लावला की सगळं एकजीव होईल का, असं तुम्ही विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लिमिटरने हे जुळणार नाही, बहुतेक वेळा बिघडतं. कारण पुढे येईलच.

मूळ अडचण अशी की तुमचा ट्रॅक हे पूर्ण झालेलं काम आहे. तो मिक्स झालाय आणि बऱ्याचदा मास्टरही झालाय. त्याची पातळी फारशी वरखाली होत नाही, टोन ठरलेला आहे, आणि वाद्यांना दिलेली खोली, म्हणजे रिव्हर्बही ठरलेला आहे. शेजारी तुमचा कच्चा आवाज आहे. एक शब्द मोठा, पुढचा लहान, टोन माइकचा आणि खोली तुमच्या घराची. म्हणजे फरक तीन आहेत, पातळीच्या हालचालीचा, टोनचा आणि जागेचा. बहुतेक जण थेट तिसऱ्यावर जातात आणि रिव्हर्ब वाढवत राहतात. मी नेहमी याच क्रमाने जातो: आधी पातळी, मग टोन, मग जागा. पातळी स्थिर नसताना टोन ठरवता येत नाही, कारण प्रत्येक शब्दाला वेगळं ईक्यू (जाड-पातळ सुरांचे भाग कमीजास्त करणं) हवंसं वाटतं.

काही गोष्टी ट्रॅकवर अवलंबून आहेत. तो मुळात गायनाशिवायच तयार केलाय, की मूळ गाण्यातून सॉफ्टवेअरने आवाज काढून टाकलाय? त्यात बासरी किंवा सिंथवर चाल वाजते आहे का? एमपी३ आहे की वेव्ह? पुढचे आकडे म्हणूनच सुरुवात करण्यापुरते धरा आणि कानाने हलवा. ट्रॅक बनवणाऱ्याशी संपर्क असेल तर काहीही करण्याआधी दोन गोष्टी मागून बघा, लिमिटर न लावलेली वेव्ह फाइल आणि चालीचं वाद्य बंद केलेली आवृत्ती. कितीतरी वेळा या नुसत्या मागितल्यावर मिळतात आणि अर्धं काम तिथेच वाचतं.

आता तयारी. ट्रॅकचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजलाय तो आकडा) आणि प्रोजेक्टचा सॅम्पल रेट जुळतोय का ते पाहा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल न बदलता ४८ वर वाजली तर सूर जवळजवळ दीड सेमीटोन वर जातो आणि ४ मिनिटांचं गाणं साधारण २० सेकंदांनी आखूड होतं. बहुतेक सॉफ्टवेअर फाइल आत घेताना हे आपोआप बदलतात, तरी एकदा खात्री करून घ्या. मग ट्रॅकची पातळी फेडरने (मिक्सरच्या सरकत्या दांडीने) न कमी करता क्लिप गेनने, म्हणजे फाइलच्या तुकड्याचीच पातळी बदलून, ६ ते ८ डेसिबल खाली आणा. मास्टर झालेल्या ट्रॅकचे पीक शून्याला टेकलेले असतात. त्यावर आवाज चढवला की मास्टर लाल होणारच, आणि मग लोक आवाज दाबत बसतात. ट्रॅक खाली आणल्यावर ऐकायला लहान वाटेल. स्पीकरचा आवाज वाढवा.

ट्रॅकचा सूरही मोजा. जुन्या रेकॉर्डिंगवरून केलेले किंवा टेपच्या वेगामुळे सरकलेले ट्रॅक ४४० हर्ट्झच्या, म्हणजे सूर मोजायच्या नेहमीच्या संदर्भाच्या, हिशोबात बसत नाहीत. ट्यूनरवर एखादी लांब चाललेली बेस नोट पाहा. ती सतत ३० सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) वर दिसत असेल, तर पिच करेक्शनमध्ये, म्हणजे सूर दुरुस्त करणाऱ्या प्लगइनमध्ये, संदर्भ ४४७.७ हर्ट्झ ठेवावा लागतो. नाहीतर प्लगइन प्रत्येक सूर ‘बरोबर’ करत ट्रॅकपासून लांब नेतो आणि आवाज का जुळत नाही ते कळतच नाही. करेक्शनही लांब धरलेल्या सुरांपुरतंच करा. वेग जास्त ठेवला की मींड आणि मुरक्या सपाट होतात.

पुढची गोष्ट वेळेची, आणि ही फार कमी जण तपासतात. ऑडिओ इंटरफेसने (माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाने) लेटन्सी, म्हणजे आवाज आत-बाहेर जायला लागणारा उशीर, चुकीची कळवली तर रेकॉर्ड झालेला आवाज दरवेळी ठरावीक अंतराने मागे पडतो. गायकाने अगदी लयीत गायलं असलं तरी १५-२० मिलिसेकंदांचा उशीर ‘ओढल्यासारखा’ ऐकू येतो आणि आवाज ट्रॅकवर चिकटत नाही. तपासायला सोपं आहे. प्रोजेक्टमध्ये मेट्रोनोमची टिकटिक वाजवा, हेडफोनचा एक कान माइकला लावा आणि ती रेकॉर्ड करा. मूळ टिक आणि रेकॉर्ड झालेली टिक यांच्यात जेवढं अंतर दिसेल, तेवढे सगळे टेक आधीच्या वेळेकडे, म्हणजे टाइमलाइनवर डावीकडे सरकवा. ४४.१ किलोहर्ट्झवर ४४१ सॅम्पल म्हणजे १० मिलिसेकंद. एकदा आकडा कळला की त्या मशीनवर, त्याच बफर सेटिंगला तोच चालतो.

हेडफोनचा एक कान उघडा ठेवून गायलं असेल, तर माइकमध्ये ट्रॅकही शिरलेला असणार. आवाज दाबून वर आणला की हा शिरलेला ट्रॅकही वर येतो आणि मूळ ट्रॅकशी थोड्या उशिराने मिसळून सगळं पोकळ, पत्र्यासारखं करतो. गायन नसलेल्या जागा हाताने कापा, दोन्ही टोकांना छोटे फेड द्या. गेटवर (ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणाऱ्या प्लगइनवर) भरवसा ठेवू नका, तो ओळीच्या शेवटी विरत जाणारा सूर कापतो. श्वास पूर्ण काढू नका, ६ ते ८ डेसिबल खाली ठेवा.

आता पातळी. इथेच सगळ्यात जास्त वेळ घाला. सुटी वाद्यं असलेल्या पूर्ण मल्टिट्रॅक मिक्समध्ये ती गायकासाठी थोडी सरकवता येतात. इथे ट्रॅक जागचा हलत नाही, त्यामुळे आवाजाला नेहमीपेक्षा अधिक घट्ट धरावं लागतं. पण ते सगळं कॉम्प्रेसरकडून करून घेऊ नका. आधी क्लिप गेनने ओळीओळीत हात फिरवा. ओळींची सरासरी एकमेकींच्या ३-४ डेसिबलच्या आत आली की पुरे.

हे जवळून कसं दिसतं ते पाहा. ओळ ‘मन’ या शब्दावर संपते. ‘म’चा अकार भरपूर वाजतो, पण ‘न’ला जीभ टाळूला लागते, आवाज नाकातून येतो आणि पातळी एकदम पडते. एकट्याने ऐकताना हे जाणवत नाही, ट्रॅक लागला की ‘न’ गायब होतो आणि ऐकणाऱ्याला अर्धाच शब्द मिळतो. तेवढाच ‘न’ वेगळा कापून ३ डेसिबल वर घ्या, दोन्ही जोडांवर १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड ठेवा. कॉम्प्रेसर हे काम करू शकत नाही, तो मोठ्याला दाबतो, बुडालेल्या अक्षराला निवडून उचलत नाही. ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांच्या हवेच्या धक्क्याचंही असंच. पूर्ण गायनावर जोरदार हाय-पास (ठरलेल्या हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर) लावण्याऐवजी फक्त त्या तुकड्यावर १५० ते २०० हर्ट्झचा हाय-पास लावा किंवा सुरुवातीला छोटा फेड द्या. शब्द बुडण्याच्या निम्म्या तक्रारी या कामाने मिटतात, असा माझा अनुभव आहे.

मग हाय-पास, पुरुषाच्या आवाजाला ८० हर्ट्झच्या आसपास आणि स्त्रीच्या आवाजाला १०० ते १२० च्या. हा कॉम्प्रेसरच्या आधी हवा, कारण पंख्याची घरघर आणि स्टँडचे धक्के कॉम्प्रेसरला उगाच दाबायला लावतात.

कॉम्प्रेसर दोन लावा, दोघांना थोडंथोडं काम द्या. थ्रेशोल्ड म्हणजे दाबणं सुरू होतं ती पातळी, रेशो म्हणजे किती दाबायचं, अटॅक म्हणजे किती लवकर दाबायचं आणि रिलीज म्हणजे किती लवकर सोडायचं. पहिला चपळ ठेवा. रेशो ४:१, अटॅक २ ते ५ मिलिसेकंद, रिलीज ५० ते ८०, आणि फक्त उसळणाऱ्या जागी ३ ते ५ डेसिबल दाब. दुसऱ्याची चाल संथ हवी. रेशो २:१ किंवा ३:१, अटॅक २० च्या पुढे, रिलीज २०० च्या आसपास, आणि जवळजवळ सतत २ ते ३ डेसिबल दाब. एकाच कॉम्प्रेसरने ८-१० डेसिबल दाबले की आवाज चपटा होतो आणि श्वास उसळतात. प्रीसेट लावून काम होत नाही याचं कारणही इथेच आहे. प्रीसेटमधला थ्रेशोल्ड तुमच्या पातळीला लागू पडत नाही. तो एकतर काहीच दाबत नाही किंवा सतत दाबून धरतो. मीटरवर किती डेसिबल दाबले जातायत ते पाहून थ्रेशोल्ड ठरवा, आणि आधी-नंतरची तुलना करताना दोन्ही पातळ्या सारख्या करून ऐका. मोठं वाजतं ते चांगलं वाटतंच.

टोन ठरवताना एक नियम पाळा: ईक्यूचा प्रत्येक निर्णय ट्रॅक वाजत असताना घ्या, सोलोमध्ये, म्हणजे फक्त आवाज ऐकत, नाही. सोलोमध्ये भरदार वाटणारा २०० ते ३५० हर्ट्झचा भाग ट्रॅकमध्ये आधीच भरलेला असतो, तिथून २-३ डेसिबल काढावे लागतात. ८०० ते १००० च्या आसपास नाकातला आवाज त्रास देतो. ३ ते ४ किलोहर्ट्झला दीड-दोन डेसिबल दिले की शब्द पुढे येतात, मात्र ‘स’, ‘श’, ‘छ’ टोचायला लागतात. त्यासाठी कॉम्प्रेसरनंतर डी-एसर (टोचणारे ‘स’ दाबणारा प्लगइन), ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये, फक्त त्या अक्षरांवर ३ ते ५ डेसिबल. ‘स’ बोबडा ऐकू यायला लागला तर जास्त झालं.

वरच्या टोकाबद्दल सावध राहा. ‘हवा’ यावी म्हणून १२ किलोहर्ट्झच्या वर सरसकट चढवायची सवय असते. तुमचा ट्रॅक १२८ केबीपीएसचा एमपी३ असेल तर तो साधारण १६ किलोहर्ट्झला संपतो, आणि त्याच्या खालीही थोडा धुरकट असतो. अशा ट्रॅकवर चकचकीत आवाज ठेवला की तो वेगळा पडणारच, कितीही रिव्हर्ब लावा. तिथे उलट करा: वरचा भाग चढवू नका, गरज पडली तर १५ किलोहर्ट्झच्या आसपास हलका लो-पास (त्याच्या वरचं कापणारा फिल्टर) लावा. आवाज ट्रॅकच्या गुणवत्तेला जुळवून घ्यावा लागतो. एकटा ऐकल्यावर थोडा मंद वाटेल, ट्रॅकमध्ये बरोबर बसेल.

आता ट्रॅकमध्ये आवाजासाठी जागा करायची. पूर्ण ट्रॅकलाच आवाजाच्या साइडचेनने, म्हणजे आवाज आला की ट्रॅक आपोआप दबेल असं जोडून, खाली दाबू नका. ढोलक, किक, बेस सगळं प्रत्येक शब्दाला आत-बाहेर व्हायला लागतं. त्याऐवजी डायनॅमिक ईक्यू (गरज पडेल तेव्हाच दाबणारा ईक्यू) घ्या, तो मिड-साइडमध्ये (स्टीरिओचा मध्य आणि बाजू वेगळ्या हाताळणारी पद्धत) ठेवा आणि फक्त मिडवर चालवा. आवाज मध्यभागी असतो, त्यामुळे टक्करही मध्यभागीच होते. बाजूंना पसरलेली गिटार, तंतुवाद्यं, कोरस यांना हात लावायची गरज नसते, आणि ध्रुवपदाची रुंदी शाबूत राहते. बँड २.५ किलोहर्ट्झच्या आसपास, क्यू (बँड किती अरुंद ते) १ च्या जवळ, साइडचेन आवाजाकडून, कमाल घट २ ते ३ डेसिबल, अटॅक १० ते २०, रिलीज १५० ते २०० मिलिसेकंद. बायपास केल्यावर फरक कळावा, पण चालू असताना ट्रॅकमध्ये काही हलतंय हे कळू नये. मिडमध्ये स्नेअरही असतो, म्हणून ३ डेसिबलच्या पुढे गेलात की त्याचा कडकपणा जातो. गरज वाटली तर दुसरा छोटा बँड ३०० हर्ट्झला, दीड डेसिबलपुरता.

चालीचं वाद्य ट्रॅकमध्ये असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. ते त्याच सुरांवर, त्याच वेळी वाजतं आणि आवाजाला सगळ्यात जास्त झाकतं. अशा वेळी वाद्यं वेगळी करणारं सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. डीझर या संगीत सेवेने २०१९ मध्ये खुलं केलेलं स्प्लीटर किंवा फेसबुकच्या संशोधकांचं डिमक्स ही त्यातली ओळखीची नावं. ट्रॅकचे ड्रम, बेस आणि ‘इतर’ असे भाग निघतात. पण वेगळे केलेले भाग मूळ ट्रॅकच्या जागी वापरू नका, त्यांत पाण्यासारखा आवाज असतो. मूळ ट्रॅक तसाच ठेवा, ‘इतर’ भाग त्याला एका सॅम्पलचाही फरक न पडता जुळवा, त्याची पोलॅरिटी उलटी करा (लहरीचा वरचा भाग खाली आणि खालचा वर) आणि १२ डेसिबल खाली ठेवून मिसळा. मूळ ट्रॅकमधली ती वाद्यं साधारण अडीच डेसिबलने उतरतात, आणि दोष जवळजवळ ऐकू येत नाहीत. हे पूर्ण गाण्यावर लावू नका. गायन असेल तिथेच ऑटोमेशनने (ठरलेल्या वेळी सेटिंग आपोआप बदलायची सोय) चालू करा आणि मधल्या संगीतात बंद ठेवा.

जागेबद्दल. आधी ट्रॅक ऐका. शेवटचा आघात थांबल्यावर शेपूट किती वेळ राहते? स्नेअरच्या मागे काय ऐकू येतं? तेवढीच आणि त्याच रंगाची खोली आवाजाला द्यायची आहे. मी दोन सेंड, म्हणजे आवाजाचा थोडा भाग वेगळ्या रिव्हर्बकडे पाठवायच्या वाटा, ठेवतो. एक लहान खोली, ०.५ सेकंदाच्या आसपास, प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा थांबा) जवळजवळ शून्य, अगदी हलकी. ही वेगळी ऐकू येऊ नये, बंद केल्यावर आवाज कोरडा पडला पाहिजे. दुसरा प्लेट (रिव्हर्बचा एक दाट, गुळगुळीत प्रकार), १.४ ते १.८ सेकंद, प्री-डिले २५ ते ४० मिलिसेकंद, म्हणजे शब्दाची सुरुवात स्वच्छ राहते आणि शेपूट मागून येते. दोन्हींच्या परतीवर ३०० हर्ट्झचा हाय-पास आणि ७ किलोहर्ट्झचा लो-पास. पातळी ठरवताना रिव्हर्ब स्पष्ट ऐकू येईपर्यंत वाढवा, मग २ डेसिबल खाली घ्या.

बऱ्याचदा रिव्हर्बपेक्षा डिले (थोड्या वेळाने येणारी आवाजाची पुनरावृत्ती) जास्त उपयोगी ठरतो, कारण तो आवाजाला मागे न ढकलता ट्रॅकच्या लयीशी बांधतो. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटातल्या ठोक्यांनी) भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. ९० च्या लयीत ६६७, त्याचा अर्धा ३३३. परतीवर ४ ते ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापा आणि पातळी इतकी कमी ठेवा की फक्त ओळी संपताना कळेल. ट्रॅक हाताने वाजवलेला असेल आणि लय सरकत असेल, तर ठोक्याचा हिशोब सोडा, १०० मिलिसेकंदांच्या आसपासची एकच पुनरावृत्ती ठेवा.

यातलं काहीही एका गोष्टीवर उपाय करत नाही: रेकॉर्डिंगमध्येच शिरलेली घरातली खोली. छोट्या, रिकाम्या खोलीचा डबाबंद आवाज कॉम्प्रेसरने आणखी पुढे येतो आणि ट्रॅकच्या मोठ्या रिव्हर्बशी कधीच जुळत नाही. आवाज सोलो करून ऐका. दोन शब्दांच्या मध्ये भिंती ऐकू येत असतील तर पुन्हा रेकॉर्ड करा, मिक्सवर आणखी वेळ घालवू नका. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे गायकाच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्यात सरळ शिरतो. म्हणून जाड पांघरुणं गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना लावा, फक्त माइकच्या मागे लावून फायदा थोडाच होतो. अंतर १५ ते २० सेंटिमीटर, पॉप फिल्टर, पीक उणे १२ ते १० डेसिबलच्या आसपास, २४ बिट.

शिल्लक ठरवायला सगळ्यात दाट जागेपासून, म्हणजे ध्रुवपदापासून सुरुवात करा. आवाजाचा फेडर पूर्ण खाली घ्या, ट्रॅक चालू ठेवा, आणि प्रत्येक शब्द कळेल तिथपर्यंतच वर आणा. मग अंतरा ऐका. तिथे ट्रॅक हलका असल्यामुळे आवाज मोठा वाटेल, ऑटोमेशनने १ ते २ डेसिबल खाली घ्या. मधल्या संगीतात ट्रॅक १ डेसिबल वर आणि गायन यायच्या आधी अर्ध्या मात्रेत परत खाली. हा एक डेसिबल ऐकणाऱ्याला कळत नाही, पण गाणं सपाट वाटत नाही. तपासणी अगदी हळू आवाजात आणि फोनच्या एका स्पीकरवर करा. तिथे शब्द हरवत असतील तर फेडरला हात लावण्याआधी ३ किलोहर्ट्झ आणि क्लिप गेन पुन्हा बघा. आवाजावर थोडं सॅच्युरेशन (हलकी, मुद्दाम दिलेली विकृती) दिलं तरी फोनवर शब्द पुढे येतात.

आता लिमिटरचं. लिमिटर बेरजेवर चालतो. तुमच्या ट्रॅकचे पीक आधीच कापलेले आहेत, म्हणून बेरजेत उसळतो तो आवाज. तार सप्तकात सूर लावला की लिमिटर सगळंच खाली ओढतो आणि नेमक्या त्या उत्कर्षाला वाद्यं मागे बसतात. ४-५ डेसिबल दाबले जात असतील तर हे हमखास ऐकू येतं. आवाजाच्या बसवर (फक्त आवाज जातो त्या चॅनेलवर) आधी छोटा लिमिटर लावून पीक तिथेच १-२ डेसिबल आवरा, मग मास्टरवर जास्तीत जास्त १ ते २ डेसिबल काम राहू द्या, ट्रू पीक, म्हणजे सॅम्पलच्या मधलाही धरून खरा सर्वोच्च बिंदू, उणे १ वर. यूट्यूब आणि स्पॉटिफाय दोन्ही साधारण उणे १४ लफ्सकडे (लफ्स म्हणजे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं एकक) आणतात, त्यामुळे त्याहून फार मोठं करण्यात काही मिळत नाही.

फाइल काढताना वेव्ह, २४ बिट ठेवा. ट्रॅक मुळात एमपी३ असेल तर शेवटी पुन्हा एमपी३ करून अपलोड करू नका, दोनदा दाबलेले झांज आणि ‘स’ लगेच खरखरतात. एवढं करूनही ध्रुवपदात शब्द बुडत असतील तर तीन गोष्टी कळवा: ट्रॅकची फाइल कोणत्या प्रकारची आहे, चालीचं वाद्य त्यात आहे का, आणि दोन्ही कॉम्प्रेसरच्या मीटरवर किती डेसिबल दाब दिसतोय. त्यावरून नेमकं कुठे हात घालायचा ते सांगता येईल.